टर्बो की साधे पेट्रोल: सिडको-अंबड रोज, डोंबिवली महिन्यातून दोनदा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबडला, रोजचे येणे-जाणे धरून दहा किलोमीटर. महिन्यातून दोनदा डोंबिवलीला सासुरवाडी, गाडीत चार मोठी माणसे, एक शाळकरी मुलगी आणि डिकी भरलेली. वर्षातून एक-दोनदा वणीचा गड. चार मीटरच्या आतली एसयूव्ही घ्यायची, मॅन्युअल गिअरची, आणि आठ-दहा वर्षे ठेवायची. एकाच गाडीत १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन मिळते आणि १ लिटरचे टर्बोही मिळते. फरक लाखाच्या वर. शोरूमवाला म्हणतो टर्बोच घ्या, मेव्हणे म्हणतात टर्बो म्हणजे पुढे खर्चाचे घर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या वापराला टर्बो घ्या. मात्र रोजच्या त्या दहा किलोमीटरसाठी एक अट पाळावी लागेल. ती जमणार नसेल तर साधे १.२ घ्या आणि निवांत राहा. अट काय आहे ते पुढे येईलच, पण त्याआधी शोरूममध्ये जे सांगत नाहीत ते बघू.

मेव्हण्यांच्या भीतीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण टर्बो आपल्याकडे काल आलेला नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, डिझेल इनोव्हा, १.३ डिझेलची स्विफ्ट, या सगळ्यांना टर्बोच होता आणि कुणी त्याचे नावही घेत नव्हते. डिझेलचे नॉझल आणि इंजेक्टर जिथे बनतात त्या आपल्या नाशकात (कंपनीचे नाव बदलून बॉश झाले त्याला जमाना झाला, आपण अजून मायकोच म्हणतो) टर्बोची एवढी धास्ती असावी याची मला गंमत वाटते. दोन-अडीच लाख किलोमीटर झालेल्या डिझेल गाड्या आजही मूळ टर्बोवर गॅरेजात येतात. पेट्रोलमध्ये फरक पडतो तो उष्णतेचा. फुल लोडला डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ७०० ते ८०० अंशांवर असतो, पेट्रोलचा ९०० ते ९५० पर्यंत जातो. त्या धुरावर टर्बोचे चाक फिरते, मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत, आणि त्याचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणजे टर्बोचे आयुष्य बहुतेक त्या ऑईलवर आहे. गॅरेजात जे टर्बो मेलेले दिसतात त्यातले बहुतेक खराब ऑईलने, कमी ऑईलने किंवा फाटक्या एअर फिल्टरमधून गेलेल्या धुळीने मेलेले असतात. टर्बो आपणहून गेला असे क्वचित.

काम कसे चालते ते एका परिच्छेदात. साधे इंजिन बाहेरची हवा आपल्या ताकदीने ओढते, जेवढी येईल तेवढी. टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबून आत घालतो, म्हणून लहान इंजिनात जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हवा दाबली की तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते तशी, म्हणून मध्ये ती थंड करणारा इंटरकूलर लागतो. आणि दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकू नये म्हणून टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) जरा कमी ठेवतात. साध्यात ११ ते १२ असेल तर टर्बोत १० ते साडेदहाच्या आसपास. याचा परिणाम असा की टर्बो जागा होईपर्यंत ते नुसतेच एक छोटे, कमी कॉम्प्रेशनचे, बहुधा तीन सिलिंडरचे इंजिन असते. हे लक्षात ठेवा, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उपयोगी पडेल.

आता आकडे. लोक पॉवर विचारतात, विचारायला हवा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आणि तो कितव्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ते. ह्युंदाई व्हेन्यूचे १.२ साधे इंजिन ८३ पीएस (अश्वशक्ती) आणि सुमारे ११४ न्यूटन मीटर देते, तोही टॉर्क ४,००० आरपीएमच्या आसपास. तिचेच १ लिटर टर्बो १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर देते, आणि तो टॉर्क १,५०० पासून ४,००० पर्यंत सपाट. मारुती फ्रॉन्क्समध्ये १.२ ला ११३ न्यूटन मीटर ४,४०० ला आणि १ लिटर टर्बोला १४७.६ न्यूटन मीटर २,००० ते ४,५०० दरम्यान. गाडी कुठलीही घ्या, चित्र हेच.

हे आकडे कसाऱ्याच्या घाटात नेऊन बघू. समजा गाडी ११०० किलोची, माणसे आणि सामान मिळून ४०० किलो, म्हणजे एकूण १५०० किलो. सहा टक्क्यांच्या चढावर ५० च्या स्थिर वेगाने चढायला इंजिनाला सुमारे २५ पीएस लागतात. फक्त २५! साधे १.२ हे काम तिसऱ्या गिअरमध्ये सहज करते. तेव्हा ‘घाट आहे म्हणून टर्बो घ्या’ हे शोरूमचे वाक्य सोडून द्या. घाट चढायला टर्बो लागत नाही.

टर्बो लागतो तो घाटात कंटेनर ओलांडायला. पुढे कंटेनर ३० ने चढतो आहे, तुम्हाला जागा मिळाली आणि आठ सेकंदांत ३० चे ६० करायचे आहेत. त्याच चढावर, त्याच वजनाला, आता आणखी २५ च्या वर पीएस हवे, म्हणजे एकूण ५० धरा. टर्बोवाली व्हेन्यू २,००० आरपीएमला १७२ न्यूटन मीटर देते, त्याचे होतात ४९ पीएस. म्हणजे तिसऱ्यातच पाय दाबला की काम होते. साध्या इंजिनाला तेवढी ताकद काढायला किमान ३,००० च्या वर जावे लागते. तेव्हा गिअर खाली, दुसरा, इंजिनाचा आरडाओरडा, मागच्या सीटवरून सासूबाईंचा प्रश्न ‘काय झालं?’, आणि एसी बंद करण्याचा मोह. हेही होते, होत नाही असे नाही. आपण सगळे वर्षानुवर्षे असेच चढलो. पण दर पंधरा दिवसांनी पाच माणसे घेऊन हे करायचे असेल, तर तो लाख रुपये मला वाया गेलेला वाटत नाही. त्या सेकंदात मिळणारी ताकद ही चैन नसून सुरक्षिततेची गोष्ट आहे.

उतरताना मात्र उलटे. इंजिन जेवढे मोठे तेवढा इंजिन ब्रेक चांगला. १ लिटरचे इंजिन उताराला गाडी कमी धरते, म्हणून टर्बो असो वा नसो, घाट उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर आणि ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही.

तुम्ही समृद्धीने जाणार असाल तर हिशेब थोडा बदलतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळला. आता अडचण कंटेनरच्या मागे अडकण्याची नाही, सलग वेगाची आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० आणि १२० यांत विरोधाचा फरक सव्वादोन पट. पाच माणसांसह १२० वर छोटा टर्बो सतत दाबाखाली असतो, आणि जास्त लोडला एक्झॉस्ट थंड ठेवायला कॉम्प्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. मग मालक येतात आणि म्हणतात, ‘कागदावर वीस, मला तेराच देते.’ कागदावरची चाचणी हलक्या लोडची असते, तिथे टर्बो बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याच गाडीत ९५-१०० ने जा, एव्हरेज लगेच बदलते. साध्या इंजिनाचे एव्हरेज पायावर इतके अवलंबून नसते, टर्बोचे असते. ई२० पेट्रोलचे म्हणाल तर २० टक्के इथेनॉलमुळे लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी, तो तोटा दोघांनाही. पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने ठोकण्याची भीती कमी होते आणि त्याचा थोडा फायदा टर्बोला जास्त मिळतो.

नाशिकची उंची हाही मुद्दा लोक विचारतात. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणजे हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, आणि साध्या इंजिनाची ताकद तेवढीच कमी. गडावर हा तोटा बारा टक्क्यांपर्यंत जातो. टर्बो जास्त दाब देऊन हे भरून काढतो. खरे आहे, पण एवढ्यासाठी कुणी टर्बो घेऊ नये. ही लडाखची उंची नव्हे.

आता शहर, जिथे टर्बोची दुसरी बाजू दिसते. मुंबई नाका ते द्वारका संध्याकाळी सात वाजता, एसी चालू, दुसरा गिअर, १,२०० आरपीएम. टर्बो जागा नाही. पुढची रिक्षा सरकली, तुम्ही पाय दाबला, गाडी क्षणभर विचार करते आणि मग एकदम उडी मारते. नवखा चालक हाफ क्लचवर रेस देऊन हे सांभाळतो आणि क्लच प्लेट लवकर संपवतो. घरात कुणी नव्याने शिकणारे असेल तर साधे इंजिन फार सोपे, जेवढा पाय तेवढी गाडी. टर्बोत उपाय एवढाच की गिअर वेळेवर खाली घ्यायचा. शहरात तिसऱ्यात १,५०० च्या खाली रखडत चालवू नका, दुसरा टाका. ऑटोमॅटिक घेणार असता तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) हा अडखळलेपणा बराच झाकतो. ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) मात्र द्वारकेसारख्या ठिकाणी तापतो, तो मी टाळायला सांगतो.

गिअर खाली घेण्याचे दुसरे कारण जास्त गंभीर आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनावर पूर्ण पाय दाबला, तर सिलिंडरमध्ये राहिलेला ऑईल आणि पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेटू शकतो. आवाज एकदाच येतो, खणकन, पण पिस्टनला तडा जाऊ शकतो. यासाठीच २०२० मध्ये ऑईलचा एपीआय एसपी हा दर्जा आला, त्यात या प्रकाराची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी असते. डब्यावर एसपी आहे का ते बघणे हा टर्बोवाल्याचा पहिला नियम. ‘साहेब, सगळं ऑईल सारखंच’ असे म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नका.

आता तुमची अट. तुमचे वर्षाचे गणित करू. अंबडच्या फेऱ्या साधारण ३,००० किलोमीटर, डोंबिवली साडेसहा हजारांच्या पुढे. किलोमीटरने हायवे जिंकतो. पण स्टार्ट मोजले तर वर्षाला सहाशेच्या आसपास अंबडचे, आणि त्यातला प्रत्येक थंड किंवा अर्धवट थंड इंजिनावर. पाच किलोमीटरमध्ये तापमानाचा काटा मध्यावर येतो, पण तो पाण्याचा काटा असतो, ऑईल त्याहून बरेच उशिरा तापते. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल पडते, तिथून ऑईलमध्ये उतरते आणि ऑईल पातळ करते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हे जास्त होते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांत तर फारच. आणि आपण वर बघितले की टर्बोचा दांडा त्याच ऑईलवर तरंगतो.

तुमच्या नशिबाने दर पंधरवड्याला अडीच-तीन तास इंजिन पूर्ण तापते आणि ऑईलमधले पेट्रोल बरेचसे उडून जाते. म्हणूनच मी तुम्हाला टर्बो सांगतो आहे. हाच प्रश्न फक्त सिडको-अंबड चालवणाऱ्याने विचारला असता तर साधे इंजिन म्हणालो असतो, एका वाक्यात. तर अट अशी: ऑईल आणि फिल्टर किलोमीटरने नाही, तारखेने बदला. दर सहा महिन्यांनी, पाचच हजार झाले असले तरी. पुस्तकात १० हजार किंवा एक वर्ष लिहिलेले असते, पण त्याच पुस्तकात पुढे कठीण वापराचे वेगळे पान असते, आणि छोट्या फेऱ्या व धूळ दोन्ही त्यात मोडतात. ते पान कुणी वाचत नाही. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघा. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि वासाला पेट्रोल आले तर सहा महिनेही थांबू नका. पिंपळगाव, ओझर, लासलगाव बाजूला द्राक्ष-कांद्याच्या हंगामात जास्त जाणे होत असेल तर एअर फिल्टरही लवकर. आणि घरात स्कूटर असेल तर अंबडला तीच न्या, हा सल्ला फुकट.

घाट चढून वर आलात आणि लगेच इगतपुरीला चहाला थांबलात तर चावी फिरवण्याआधी अर्धा-एक मिनिट इंजिन सुरू ठेवा. नव्या टर्बोंना पाण्याचे कूलिंग असते, त्यामुळे आधीइतके अडत नाही, पण तापलेल्या दांड्यावर थांबलेले ऑईल जळून कोळसा होते ही गोष्ट अजून बदललेली नाही. शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने आलात तर तेवढेही थांबायला नको.

गाडी निवडताना इंजेक्शन कुठले ते विचारा. ह्युंदाईचे १ लिटर, मारुतीचे बूस्टरजेट, फोक्सवॅगन-स्कोडाचे टीएसआय हे डायरेक्ट इंजेक्शन. यात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि काही वर्षांनी कार्बन जमतो. टाटा नेक्सॉनचे १.२ टर्बो आणि महिंद्रा ३एक्सओचे १.२ टर्बो (डायरेक्ट इंजेक्शनवाले वेगळे आहे) पोर्ट इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारणारे. पिकअप थोडा कमी, कटकट थोडी कमी. आठ-दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याने याला वजन द्यावे असे माझे मत. या दोन्ही गाड्यांत टर्बोशिवाय पेट्रोल मिळतच नाही, म्हणजे तुमचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

तिसरी वाट आहे मोठ्या साध्या इंजिनाची, जसे ब्रेझाचे १.५: सुमारे १०३ पीएस, १३७ न्यूटन मीटरच्या आसपास, तोही ४,००० च्या वर. दणकट, शांत, नवख्यालाही सोपे. पण चार मीटरच्या आत असूनही १,२०० सीसीच्या वर असल्याने तिच्यावर जीएसटी ४० टक्के. १,२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. कंपन्या १ लिटरला टर्बो का लावतात याचे अर्धे उत्तर त्या १,२०० च्या आकड्यात आहे. टर्बो नकोच असेल आणि बजेट ताणता येत असेल तर ही गाडी चालवून बघा. मला वैयक्तिक ही फार आवडते, तुमच्या डोंबिवलीच्या लोडला मात्र टर्बोइतकी मोकळी वाटणार नाही.

सीएनजी डोक्यात असेल तर आत्ताच सांगा. टर्बोवर बाहेरून किट बसवू नका, डायरेक्ट इंजेक्शनवर तर मुळीच नाही. तिथे इंजेक्टरचे टोक सिलिंडरच्या आत असते आणि वाहत्या पेट्रोलनेच थंड राहते. सीएनजी हवा असेल तर साधे इंजिन, कंपनीचे किट. टर्बोवर कंपनीचा सीएनजी हवाच असेल तर नेक्सॉनमध्ये आहे.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातली चार माणसे बसवा, एसी लावा, आणि शोरूमवाला नेईल त्या मोकळ्या रस्त्यावर जाऊ नका. आधी मुंबई नाक्याच्या गर्दीत दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये रांगवून बघा. मग महामार्गाच्या उड्डाणपुलाचा रॅम्प तिसऱ्यात, ३० वरून, पाय पूर्ण न दाबता. साधे इंजिन तिथेच दुसरा मागेल. टर्बो क्षणभर थांबून खेचेल. ज्या क्षणाचा तुम्हाला जास्त वैताग आला, ती गाडी घेऊ नका. आणि डिलिव्हरीच्या दिवशी पुस्तकातल्या ऑईल ग्रेडच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पहिल्या सर्व्हिसला जॉब कार्डवर तोच ग्रेड लिहिला आहे का ते बघूनच सही करा.